सर्पविषाचा उतारा

रत्नागिरी शहराच्या उत्तरेस, शास्त्री नदी जेथे सागराला मिळते, तेथे खाडीच्या मुखावर जयगडचा जुना किल्ला उभा आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी निळे पाणी आणि पाठीमागे जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सडा, असा तेथील देखावा आहे. उन्हाळ्यात हा सडा तव्यासारखा तापतो. पावसाच्या सरी कोसळू लागल्या, की त्याच कातळावर गवत आणि रानफुले डोलू लागतात. या देखण्या भूमीत दगडांच्या फटींतून आणि पालापाचोळ्यातून एक लहानसा जीव दबा धरून बसलेला असतो. कोकणातील माणूस नागापेक्षाही त्याला अधिक भितो. त्याचे नाव फुरसे.

फुरसे दिसण्यात अगदी क्षुल्लक. लांबी दीड-दोन वितींची, रंग मातकट आणि मस्तकावर बाणासारखी एक फिकट खूण. नाग फणा उभारून आपल्या अस्तित्वाची सूचना देतो; फुरसे मात्र मातीच्या रंगात असे मिसळून जाते, की पाय पडेपर्यंत ते दिसत नाही. ते चिडले म्हणजे वेटोळे करून अंगावरचे खवले एकमेकांवर घासते आणि करवतीने लाकूड कापावे तसा खरखर आवाज होतो. तो ऐकून मागे सरावे, तोच विजेच्या वेगाने त्याने दंश केलेला असतो. गवत कापणारा हात, दगड उचलणारा हात, अनवाणी चालणारा पाय हीच त्याची नेहमीची लक्ष्ये.

नागाच्या आणि फुरशाच्या विषांत मोठा भेद आहे. नागाचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर आघात करते. पापण्या जड होतात, जीभ लुळी पडते आणि काही तासांतच श्वास बंद पडतो. फुरशाचे विष रक्तावर हल्ला चढविते. शरीरास जखम झाली असता रक्त थोड्या वेळाने आपोआप गोठते, हा निसर्गाचा मोठा उपकार आहे. फुरशाच्या विषाने रक्ताचा हा गुणच नाहीसा होतो. मग हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते, जुन्या खपल्यांतूनही रक्त झिरपू लागते. मौज अशी, की पहिल्या दिवशी रोगी पुष्कळदा हिंडता-फिरता असतो आणि मरण मात्र दोन, चार किंवा आठ दिवसांनीही येऊन गाठते.

या विलंबामुळेच पूर्वी लोकांची फसगत होई. दंश होताच रोग्यास मांत्रिकाकडे नेत. मंत्र घातल्यावर तो दोन घटका बरा दिसे आणि उतार पडला असे सर्वांस वाटे. शिवाय प्रत्येक दंशात पुरेसे विष शरीरात जातेच असे नाही. त्यामुळे जे आपोआप वाचत, त्यांचेही श्रेय मंत्राच्याच पदरी पडे. साहेबलोकांची गतीही काही निराळी नव्हती. ते सर्पदंशावर ब्रँडीचे प्याल्यांवर प्याले पाजीत आणि नवसागराचा अर्क टोचीत. कलकत्त्यास जोसेफ फेअरर नावाच्या डॉक्टराने असे अनेक उपाय जनावरांवर कसोशीने पारखून पाहिले. त्यांपैकी एकही खरा उतारा ठरला नाही. त्याचा मोठा ग्रंथ 1872 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा सर्पविषावर औषध नाही हीच गोष्ट त्यातून पक्की झाली.

सरकारने मग दुसरा मार्ग धरला. मारलेल्या सर्पामागे बक्षीस देण्यास आरंभ झाला. रत्नागिरी जिल्ह्यात 1862 च्या डिसेंबरात हे बक्षीस वाढविताच अवघ्या काही दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारली गेली! एवढा संहार होऊनही फुरसे संपले नाही. विषाशी सामना करावयाचा तर विषाचा उताराच शोधणे प्राप्त होते. तो शोधण्याचे काम ज्याच्या हातून घडले, त्याने कोकण कधी पाहिले नव्हते. तो फ्रान्स देशाच्या आरमारातील एक तरुण डॉक्टर होता. त्याचे नाव आल्बेर काल्मेत.

आल्बेरचा जन्म 12 जुलै 1863 रोजी भूमध्य समुद्राच्या काठी वसलेल्या नीस या नगरात झाला. जयगडच्या मुलांप्रमाणेच त्यालाही गलबतांचे वेड होते. आपण आरमारात जावे, जग पाहावे, हे त्याचे लहानपणापासूनचे स्वप्न. त्यासाठी तो ब्रेस्ट बंदरातील शाळेत दाखल झाला. परंतु तेथे विषमज्वराने त्याला गाठले. दुखण्याने प्रकृती इतकी खालावली, की नाविक होण्याची आशा सोडून देणे भाग पडले. तरीही समुद्र सोडण्यास त्याचे मन घेईना. आरमारात नाविक लागतात तसे डॉक्टरही लागतात, हे ध्यानी घेऊन 1881 साली त्याने आरमारी वैद्यकशाळेत नाव घातले.

पुढील काही वर्षांत त्याने पृथ्वीचा मोठा भाग पालथा घातला. चीनच्या किनाऱ्यावर हिवताप आणि हत्तीरोग यांचा अभ्यास केला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील तापांशी झुंज दिली आणि उत्तर अमेरिकेजवळच्या थंडगार बेटांवर खारवलेल्या माशांना पडणाऱ्या तांबड्या डागांचे कारणही हुडकून काढले. खारविलेले मासे नासू नयेत ही चिंता कोकणातील कोळ्यांना नवी नाही. एवढ्या उठाठेवी करणाऱ्या या तरुणाला एकच खंत होती. सूक्ष्म जंतूंचे शास्त्र तो पुस्तकांवरून एकट्यानेच शिकला होता. म्हणून 1890 साली तो पॅरिसला आला आणि थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्या संस्थेत त्याने एमिल रू यांच्या हाताखाली रीतसर शिक्षण घेतले.

पाश्चर तेव्हा वृद्ध झाले होते. अतिपूर्वेकडे सायगाव येथे आपल्या संस्थेची शाखा काढावी, असे त्यांच्या मनात होते. त्या कामासाठी त्यांनी काल्मेतची निवड केली. त्या वेळी त्याचे वय 28 वर्षांचेही नव्हते. सायगाव म्हणजे आजच्या व्हिएतनाम देशातील हो ची मिन्ह नगर. तो मुलूख तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. 1891 साली काल्मेत तेथे पोहोचला आणि देवीची व पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरची लस तयार करू लागला.

त्याच वर्षी एक विलक्षण घटना घडली. बाक लिऊ या गावाच्या आसपास मोठा पूर आला. बिळांत पाणी शिरल्याने नाग बाहेर पडले आणि कोरड्या जागेच्या शोधात घराघरांत शिरले. सुमारे 40 माणसांना दंश झाला, त्यांतील चौघे दगावले. तेथील एका माणसाने मोठ्या धाडसाने 19 नाग पकडले आणि ते एका पिंपात कोंडले. ते पिंप सायगावला काल्मेतकडे पाठविण्यात आले. दुसऱ्या कोणी ते जाळून टाकण्याचा हुकूम दिला असता. काल्मेतला मात्र त्यात संधी दिसली. त्या नागांचे विष काढून त्याने ते वाळवून ठेवले आणि सशांवर व गिनीपिगांवर प्रयोगास आरंभ केला. सोन्याच्या क्षाराचे द्रावण टोचले असता विष मरते काय, हेही त्याने पाहिले. परंतु त्यावर विसंबून राहावे असा गुण काही आला नाही.

सायगावातील त्याच्या कामाचा आणखी एक भाग येथे सांगितला पाहिजे. तेथे फ्रेंच सरकारचा अफूचा कारखाना होता. सरकारच अफू विकी आणि तिच्या व्यसनात बुडालेल्या प्रजेकडून पैसा मिळवी. इंग्रज सरकारही त्या काळी मुंबई व कलकत्ता बंदरांतून हेच करीत होते. ओढण्याची अफू मुरण्यास पुष्कळ महिने लागत. काल्मेतने ती मुरविणारी बुरशी ओळखून ते काम लवकर होण्याची युक्ती सरकारला दिली. नागाच्या विषापासून ज्या लोकांना तो वाचवू पाहत होता, त्यांच्याच घरांत शिरणाऱ्या दुसऱ्या विषाला त्याच्या शास्त्राचे साह्य झाले. एवढा चतुर माणूस, पण ही विसंगती त्याला त्या वेळी खटकली असे दिसत नाही.

सायगावचे हवामान त्याला मानवले नाही. आमांशाने जर्जर होऊन 1893 साली तो फ्रान्सला परतला. येताना विषाचा साठा बरोबर आणण्यास मात्र विसरला नाही. पॅरिसमध्ये त्याने आपले प्रयोग नव्या जोमाने चालविले. त्याच्यापूर्वी थोडीच वर्षे, 1890 साली, बेरिंग व कितासातो या दोन शास्त्रज्ञांनी एक महत्त्वाचा शोध लावला होता. एखाद्या जनावरास रोगाचे विष अगदी अल्प प्रमाणात टोचीत गेले, तर त्याच्या रक्तात त्या विषाला मारणारे द्रव्य निर्माण होते. ते रक्त गोठल्यावर वर जो पिवळसर पातळ भाग उरतो, तो म्हणजे रक्तद्रव. हा रक्तद्रव दुसऱ्या जनावराला टोचला असता त्याचेही त्या विषापासून रक्षण होते. घटसर्पावर आणि धनुर्वातावर जे साधले, ते सर्पदंशावर का साधू नये, असा विचार काल्मेतने केला.

त्याने सशाला नागाच्या विषाची इतकी सूक्ष्म मात्रा दिली, की तिने तो मरू नये. काही दिवसांनी थोडी अधिक, मग त्याहून थोडी अधिक, असे करीत करीत ससा एरवी मरणप्राय ठरणारी मात्राही सहज पचवू लागला. त्या सशाचा रक्तद्रव दुसऱ्या सशाला दिला, तेव्हा विष टोचूनही तो जिवंत राहिला. फेब्रुवारी 1894 मध्ये काल्मेतने हे प्रयोग विद्वानांपुढे मांडले. योगायोग असा, की फिझालिक्स आणि बेर्त्रां या दुसऱ्या दोन फ्रेंच संशोधकांनी युरोपातील व्हायपर सर्पाच्या विषावर तसेच प्रयोग करून तीच गोष्ट त्याच वेळी जाहीर केली. म्हणून या शोधाचा मान तिघांनाही दिला जातो. परंतु प्रयोगशाळेतील ही गोष्ट रोग्याच्या खाटेपर्यंत नेली ती काल्मेतनेच.

सशाचे रक्त ते केवढे! माणसांना पुरेल इतके प्रतिविष हवे असेल, तर मोठे जनावर हवे. त्यासाठी घोडा निवडण्यात आला. 1895 साली फ्रान्सच्या उत्तरेकडील लील या गिरण्यांच्या शहरात पाश्चर संस्थेची नवी शाखा निघाली आणि काल्मेत तिचा संचालक झाला. तेथे तो घोड्यांना महिनोन् महिने वाढत्या मात्रेत विष टोची. काम अत्यंत नाजूक होते. मात्रा चुकून वाढली तर घोडा मरे. वेळेआधी थांबले तर रक्तद्रव निःसत्त्व ठरे. ठरावीक मुदतीनंतर घोड्याचे थोडे रक्त काढून त्यातून प्रतिविष वेगळे करीत आणि कुप्यांत भरीत. लवकरच या कुप्या जहाजांतून दूरदूरच्या देशांस जाऊ लागल्या. आपल्या देशातही त्या आल्या. नागाने दंश केलेली माणसे वाचू लागली. शतकानुशतके ज्यावर उपाय नव्हता, त्यावर आता खरा उतारा मिळाला होता.

पण काल्मेतची एक समजूत होती. कोणत्याही सर्पाचे विष मूळात सारखेच, त्यामुळे नागाच्या विषापासून केलेला उतारा सर्व सर्पांवर चालेल, असे तो मानी. ही समजूत खरी असती, तर जयगडच्या सड्यावर फुरसे चावलेल्या गवताऱ्यालाही लीलची कुपी वाचवू शकली असती. 1897 साली चार्ल्स मार्टिन या शास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियातील सर्पांच्या विषावर ही कुपी पारखून पाहिली आणि ती निरुपयोगी ठरली. तरीही काल्मेत आपले मत सहजासहजी सोडण्यास तयार नव्हता.

या वादाचा निकाल लागण्यास मुंबईने मोठा हातभार लावला. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी तेथे प्लेगच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा सुरू केली होती. 1899 साली ती परळच्या जुन्या राजभवनात हलविण्यात आली. तेथे जॉर्ज लॅम नावाचा लष्करी डॉक्टर काम करीत होता. 1900 नंतरच्या चार-पाच वर्षांत त्याने नाग, घोणस, मण्यार, फुरसे अशा सर्पांची विषे एकेक करून तपासली. नागाच्या विषापासून तयार केलेला रक्तद्रव नागाच्या विषाला मारी. घोणसाच्या किंवा फुरशाच्या विषात तो मिसळला, तर जनावर रक्तद्रव न दिल्यासारखेच मरून जाई. ज्या सर्पाचे विष, त्याच सर्पाचा उतारा, असे त्यातून निष्पन्न झाले. काल्मेतने दार शोधून काढले होते. पण त्या एका दाराला अनेक कुलपे होती आणि प्रत्येक कुलपास वेगळी किल्ली लागत होती. त्याची पद्धत खरी ठरली, सर्व सर्पांचे विष एकच ही कल्पना खोटी ठरली. लॅमने पुढे घोणसाच्या विषावर रक्तद्रव तयार केला, तो काल्मेतच्याच रीतीने.

लीलमध्ये काल्मेतचे लक्ष आता दुसऱ्या शत्रूकडे वळले होते. गिरण्यांतील मजुरांत क्षयरोगाचा कहर माजला होता. 1901 साली त्याने गरिबांसाठी क्षयाचा दवाखाना उघडला. त्यानंतर कामीय गेरँ या पशुवैद्याच्या साह्याने 1908 पासून तो गाईंच्या क्षयाचे जंतू बटाट्याच्या फोडींवर पित्त घालून वाढवू लागला. दर तीन आठवड्यांनी नवे बटाटे, नवे जंतू. असे 13 वर्षांत 230 वेळा केल्यावर ते जंतू इतके निर्बल झाले, की त्यांच्यामुळे रोग होईना. या काळातच पहिले महायुद्ध पेटले आणि लील चार वर्षे जर्मनांच्या ताब्यात गेले. बटाटे मिळण्याचीही पंचाईत झाली. 1918 साली काल्मेतच्या पत्नीला जर्मनांनी ओलीस म्हणून नेले. तरी प्रयोगाची साखळी तुटली नाही. 1921 साली ही लस प्रथम एका बालकास देण्यात आली. तिला बी.सी.जी. म्हणतात, त्यातील मधले अक्षर काल्मेतचे. भारतात जन्मलेल्या मुलांच्या डाव्या दंडावर जो लहानसा वण दिसतो, तो याच लसीचा.

अखेरच्या वर्षांत त्याच्यावर एक दारुण प्रसंग ओढवला. 1930 साली जर्मनीतील ल्यूबेक शहरात ही लस दिलेली 70 हून अधिक तान्ही बालके क्षयाने मृत्यू पावली. जगभर काल्मेतवर टीकेचा भडिमार झाला. पुढे चौकशीत असे सिद्ध झाले, की तेथील प्रयोगशाळेत लसीमध्ये क्षयाचे जिवंत, प्रबळ जंतू मिसळले गेले होते आणि दोष लसीचा नव्हता. निकाल लागला 1932 साली. तोपर्यंत मनस्तापाने तो पुरता खचला होता. 29 ऑक्टोबर 1933 रोजी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. त्याचे गुरू एमिल रू यांनीही पाच दिवसांनी देह ठेवला.

परळच्या प्रयोगशाळेला 1925 साली हाफकिन संस्था हे नाव मिळाले होते. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सर्पांवर चालणारे प्रतिविष तयार होऊ लागले. एकाच घोड्याला चारही विषे टोचून हे साधण्यात येई. दंश कोणत्या सर्पाने केला हे रोग्याला अनेकदा सांगताच येत नाही, म्हणून अशा मिश्र प्रतिविषाचा मोठा उपयोग. ते वाळवून भुकटीच्या रूपात ठेवतात. त्यामुळे जेथे बर्फ मिळणे कठीण अशा गावांतही ते टिकते.

आता कोकणात फुरसे चावले म्हणजे दंशाची जागा कापीत नाहीत, आवळून दोरीही बांधीत नाहीत. हात किंवा पाय न हलविता रोग्याला धीर देत दवाखान्यात नेतात. तेथे डॉक्टर त्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि नळी वीस मिनिटे न हलविता ठेवतात. मग ती वाकडी करून पाहतात. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर शरीरात विष भिनले आहे असे समजून प्रतिविष शिरेतून देतात. सहा तासांनी पुन्हा नवी नळी भरतात. तिच्यातील रक्त अजूनही वाहते असेल, तर आणखी प्रतिविष देतात. गोठले असेल, तर पुढची कुपी फोडीत नाहीत.